आयव्हीएफमध्ये 'स्पिंडल बघणं' आणि टाइमलॅप्सचे जास्तीचे पैसे भरू का? नॅनो लाइटवाल्या मायक्रोस्कोपबद्दल कुणाला नीट माहीत आहे का?

संत्रानगरी_३६:

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरची, मानेवाड्याला राहते, वय ३६, शाळेत शिकवते. इथे पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आमची पहिली आयव्हीएफ सायकल जानेवारीत झाली. ९ एग्ज निघाली, त्यातली ६ मॅच्युअर, ४ फर्टिलाइज झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत एकच एम्ब्रियो टिकला, तोच गर्भाशयात ट्रान्सफर केला. बीटा, म्हणजे रक्ताची प्रेग्नन्सी टेस्ट, निगेटिव्ह आली. त्याआधी मी एक चूक केली होती, ट्रान्सफरनंतर चौथ्या दिवशीच घरी किटवर टेस्ट केली आणि फिकट का होईना दुसरी लाल रेघ दिसली मला, खरंच दिसली, मिस्टरांना दाखवली त्यांनाही दिसली, मग सासूबाईंना सांगून टाकलं आणि त्यांनी लगेच टेकडी गणपतीला जाऊन नारळ फोडला. नंतर रोज रेघ फिकी होत गेली आणि मग गेलीच. ती रेघ कुठून आली होती हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलं नाही, सगळे म्हणतात विसर आता.

आता दुसऱ्या सायकलला डॉक्टर म्हणतात एग क्वालिटीचा प्रश्न असू शकतो वयामुळे, आणि नेहमीच्या पॅकेजवर दोन गोष्टी जोडायला सांगितल्यात, एक टाइमलॅप्स इन्क्युबेटर आणि दुसरं एका स्पेशल लाइटच्या मायक्रोस्कोपमधून एगमधलं स्पिंडल बघून मग इंजेक्शन करायचं. दोन्हीचे मिळून ६० हजार जास्तीचे. पहिल्या सायकलला सोनं गहाण ठेवलं होतं ते अजून सुटलेलं नाही.

माझा चुलतदीर फिजिक्समध्ये एमएस्सी करतो, तो म्हणाला वहिनी जर्मनीत एक इन्स्टिट्यूट आहे तिथे नॅनो लेव्हलचं बघणाऱ्या मायक्रोस्कोपला नोबेल मिळालं आणि तिथेच बायकांच्या एग्जवर मोठं काम सुरू आहे. मग हे आपल्या इथे जे विकून राहिले ते तेच आहे का? आणि एवढा लाइट मारल्यावर एगला काही होत नाही का? मला खोटी आशा नको आहे पण उद्या असंही वाटायला नको की पैशासाठी मी काहीतरी सोडलं.

---

निवृत्त_फिजिक्स_सर:

बेटा, डॉक्टरकीचं मी बोलणार नाही, लाइटचं बोलतो, ३४ वर्षं तेच शिकवलं.

तुमच्या दिराने सांगितलं ते बरोबर आहे, जागेचं नाव ग्योटिंगेन, मॅक्स प्लांक सोसायटीची संस्था. पण तिथल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तुमच्या क्लिनिकमधली तिसरी आहे, म्हणून आधी सुटं करून सांगतो.

१८७३ मध्ये अर्न्स्ट आबे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं की साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपला एक हद्द आहे, साधारण २०० नॅनोमीटर, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याहून जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. रांगोळी काढताना चिमटीतून धार जाड पडत असेल तर जवळजवळचे ठिपके एकमेकांत मिसळतात ना, तसं, कारण उजेडाची लहरच तेवढी जाड आहे. काच कितीही चांगली घासा, फरक पडत नाही. सव्वाशे वर्षं सगळ्यांनी हे धरून चाललं. मग श्टेफान हेल यांनी १९९४ मध्ये युक्ती मांडली, एका लेझरने ठिपका चमकवायचा आणि लगेच मेदूवड्यासारख्या, मध्ये भोक असलेल्या दुसऱ्या लेझरने कडेची चमक विझवायची, म्हणजे मधला अगदी बारीक भाग तेवढा उजळलेला राहतो. असं एकेक ठिपका करत चित्र भरायचं. २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. नॅनोस्कोपी म्हणतात ती ही.

आता अडचण कुठे ते बघा. एक तर ह्यात जे बघायचं त्याला चमकणारा रंग लावावा लागतो. दुसरं म्हणजे लेझर जोरदार लागतो आणि जिवंत पेशीला तो सहज सोसवत नाही. तिसरं, स्त्रीचं अंडं ही शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक, सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपक्याएवढं दिसेल, आणि एवढ्या जाडीतून जाताना उजेड विखुरतो. तेव्हा जे अंडं परत तुमच्या पोटात जायचं आहे त्यावर हे कुणी करत नाही आणि करूही नये.

दुसरं काम मेलिना शू यांचं, त्या आता तिथेच आहेत, पण हे सुरू केलं तेव्हा इंग्लंडात केंब्रिजला होत्या. त्यांनी आणि त्यांच्या टीमने बायकांनी संशोधनासाठी दिलेली, उपचारात वापरता न येणारी कच्ची अंडी घेतली आणि आत काय होतं ते तासन्‌तास जिवंत चित्रात पाहिलं. २०१५ मध्ये ते छापून आलं. ते मी दोनदा वाचलं कारण माझ्या मुलीचंही तुमच्यासारखंच होतं. गुणसूत्रं ओढून दोन भाग करणारी जी दोऱ्यांची चाती असते, तिलाच स्पिंडल म्हणतात, ती उंदराच्या अंड्यात ३ ते ५ तासांत तयार होते आणि माणसाच्या अंड्यात सुमारे १६ तास लागतात. एवढ्या वेळात ती डगमगते, टोकं फाकतात, पुन्हा जुळतात. म्हणजे चूक व्हायची शक्यता माणसाच्या अंड्यात मुळातच जास्त आहे, तरुण वयातसुद्धा, वयाने ती वाढते. तुम्ही काही खाल्लं नाही, काही केलं नाही म्हणून हे झालेलं नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांनी एक कारणही दाखवलं, गाय, डुक्कर, उंदीर ह्यांच्या अंड्यात केआयएफसी१ नावाचं एक प्रोटीन भरपूर असतं, ते दोऱ्यांना आडवे टेके देतं, माणसाच्या अंड्यात ते फारच कमी. बाहेरून घातलं तर चाती स्थिर झाली. लॅबमध्ये झाली, उपचार म्हणून अजून नाही, हे लक्षात ठेवा.

बाजूचं सांगतो, सर सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, गांधीसागरजवळच्या सायन्स सेंटरला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या नावाचा जो लाइटचा परिणाम आहे तो वापरून एम्ब्रियो ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्याची तपासणी करायचे प्रयत्नही जगात झालेत. त्याचं पुढे काय झालं ते लॅबमधल्या कुणी सांगावं.

---

लॅबमधली_ताई:

सरांनी बोलावलंच आहे तर लिहिते. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये एग्ज आणि एम्ब्रियो सांभाळते, नागपुरातच, ११ वर्षं झाली. कुठल्या क्लिनिकचं नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

सरांनी म्हटलं तसलीच पाण्याची दुसरी तपासणी, म्हणजे त्या पाण्यावर, कल्चर मीडियावर, इन्फ्रारेड उजेड टाकून कुठला एम्ब्रियो चांगला ते ओळखायचं, ह्याची एके काळी फार हवा होती. मशीन विकायलाही आलं होतं. मग २०१२ च्या सुमारास युरोपात नीट चिठ्ठ्या टाकून दोन गट करून ट्रायल झाल्या आणि प्रेग्नन्सीत काही फरकच पडला नाही. मशीन गेलं. मी शिकत होते तेव्हा आमच्या मॅडम हे दरवेळी सांगायच्या म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता ताई तुमच्या दोन गोष्टी. स्पिंडल बघणं हे सरांच्या नॅनोस्कोपसारखं नाही, त्याला रंग लागत नाही, लेझर लागत नाही. साधा पण पोलराइज केलेला उजेड असतो. स्पिंडलचे दोरे एकेक २५ नॅनोमीटरचे, एकटा दोरा ह्यात दिसूच शकत नाही, पण हजारो दोरे एका दिशेने रांगेत असले की ते उजेडाची दिशा वळवतात आणि स्क्रीनवर चमकदार पट्टा दिसतो. उसाची मोळी लांबून दिसते, एक ऊस दिसत नाही, असं म्हणा. ह्याचा मला रोज काय उपयोग होतो ते सांगते. इक्सी करताना, म्हणजे सुईने शुक्राणू एगमध्ये सोडताना, सुई स्पिंडलला लागू नये म्हणून आम्ही पोलर बॉडी, म्हणजे एगच्या कडेला दिसणारा छोटा गोळा, वर किंवा खाली ठेवून बाजूने सुई घालतो, स्पिंडल त्याच्या जवळच असतं असं धरून. कधीकधी स्पिंडल सरकलेलं असतं, ते मला दिसतं. आणि मॅच्युअर म्हणून आलेलं एग खरं तर अजून अर्धवट असतं, स्पिंडलच दिसत नाही, मग मी तासभर, दोन तास थांबते. ज्या एग्जमध्ये स्पिंडल दिसतं ती जास्त फर्टिलाइज होतात असं बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. पण बघितल्याने एग सुधारत नाही, आणि त्यामुळे बाळ घरी यायचं प्रमाण वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. तुमच्या ६ मॅच्युअरपैकी ४ फर्टिलाइज झाली म्हणजे तुमचा अडथळा फर्टिलायझेशनवर नव्हताच फारसा, ४ वरून १ वर आलात तिथे होता. म्हणून मी तुमच्या जागी असते तर ह्यासाठी वेगळे पैसे भरण्याआधी हेच विचारलं असतं की माझ्या केसमध्ये ह्याने तुम्ही नेमकं काय वेगळं करणार.

टाइमलॅप्स. आत कॅमेरा, दर काही मिनिटांनी फोटो, एम्ब्रियो बाहेर काढावा लागत नाही. मला स्वतःला ते आवडतं, काम सोपं होतं, आणि कुठला पेशंट असा फोटोंचा व्हिडिओ बघून डोळे पुसतो तेव्हा मलाही भरून येतं. पण २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगची मोठी ट्रायल आली, १५७५ जोडपी, टाइमलॅप्समुळे बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. लॅबमध्ये तोच इन्क्युबेटर असेल आणि सगळ्यांना तोच वापरत असतील तर ठीकच आहे, त्यासाठी सोनं गहाण ठेवू नका.

लाइटने एगला होतं का, हो, होतं, म्हणून तर आमच्या लॅबमध्ये बल्बला पिवळी किंवा लाल फिल्टर असते आणि मायक्रोस्कोपखाली मिनिटं मोजून काम करतो. एग आणि एम्ब्रियो पोटात कायम अंधारात असतात. निळसर उजेड जास्त त्रासाचा, त्याने पेशीत ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होतात. त्याहून मोठी भीती मला थंडीची असते, तापमान ३७ वरून घसरलं की स्पिंडलचे दोरे सुटायला लागतात, मायक्रोस्कोपची काचसुद्धा म्हणून गरम ठेवतो. लॅब बघायला मिळणार नाही पण हे प्रश्न विचारता येतात आणि चांगला माणूस त्याची उत्तरं आनंदाने देतो.

एक राहिलं. अर्धी गोष्ट मिस्टरांकडची असते. चौथ्या-पाचव्या दिवसाकडे गळती होते तेव्हा शुक्राणूंचा डीएनए तुटलेला असणं हेही एक कारण असू शकतं, सगळं एग क्वालिटीवर टाकू नका आणि टाकू देऊ नका.

---

यवतमाळची_सून:

माह्यं वेगळं आहे ताई पण सांगतो, पैशाचं तुम्ही लिवलं म्हणून. आमच्या दोघायले सिकलचा, त्या रक्ताच्या आजाराचा, ट्रेट आहे, म्हणजे आमी दोघंबी वाहक, लग्नाच्या वेळी कोणी तपासलं नाही, पयला पोरगा एसएस निघाला, म्हणजे त्याले पुरा आजार. दर मयन्याले त्याचं अंग दुखते, रात्र रात्र रडते लेकरू. डॉक्टरीण बाईनं सांगितलं दर खेपेले चारातून एक अशी शक्यता राह्यते, पयल्या खेपेले झालं म्हणून पुढं सुटका नाही. मंग आमी आयव्हीएफ केलं, मूल होत नव्हतं म्हणून नाही, तपासूनच घ्याचं म्हणून. पाचव्या दिवशी एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातल्या पाच-सहा पेशी काढून बाहेरगावी पाठवल्या, रिपोर्ट याले काही हप्ते लागले, तोवर एम्ब्रियो गोठवून ठेवले. ५ होते, १ एसएस, ३ ट्रेट, १ साफ चांगला. मुलगा का मुलगी ते कोणी सांगत नाही, कायद्यानं बंदी आहे, आमाले विचाराचंही नव्हतं. चांगला होता तो पयल्यांदा लागला नाही. मंग ट्रेटवाला टाकला तो लागला. पोरगी आता १४ मयन्याची आहे, तिले काही होत नाही.

वावर विकलं त्याच्यासाठी दीड एकर. पण मले तवा पक्कं माहीत होतं की रिपोर्ट असा आला तं हा एम्ब्रियो ठेवाचा, तसा आला तं नाही ठेवाचा. तुमाले लॅबवाल्या ताई तेच तं विचारून राह्यल्या. तुमच्या ६० हजाराच्या तपासणीनं तुमाले काय वेगळं ठरवता येईन ते पाहा.

---

लॅबमधली_ताई:

यवतमाळच्या ताई, तुमचं वाचून फार बरं वाटलं. पोरग्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का ते डॉक्टरांना जरूर विचारा, नसेल तर. आणि हेही सांगते की तुमच्या रिपोर्टमध्येसुद्धा उजेडच होता. सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. डीएनएची दोरी २ नॅनोमीटर जाड, ते अक्षर कुठल्या मायक्रोस्कोपला थेट दिसणार, म्हणून त्या तुकड्याच्या पुष्कळ नकला एका ठिकाणी करतात, प्रत्येक अक्षराला चमकणारा रंग जोडतात आणि कॅमेरा चमक वाचत जातो. बऱ्याच सिक्वेन्सिंग मशिन्स अशाच चालतात.

---

संत्रानगरी_३६:

सगळ्यांचं वाचलं, रात्री दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं. सर, ते १६ तासांचं तुम्ही लिहिलं ते वाचून मी रडले, कारण इतके दिवस मला वाटत होतं मी त्या महिन्यात पेपर तपासायला जागरण केलं म्हणून झालं. यवतमाळच्या ताई, तुमच्या दोन्ही लेकरांना माझा आशीर्वाद.

त्या रेघेचं कुणी सांगाल का पण. एग्ज काढायच्या आधी देतात ते ट्रिगर इंजेक्शन एचसीजीचं होतं, फाइलवर १०००० लिहिलंय.

---

पॅथॉलॉजीवाला_भाऊ:

ताई तुमचं उत्तर तुमच्याच फाइलमध्ये आहे. किट एचसीजी, म्हणजे प्रेग्नन्सीचं हार्मोन, शोधते आणि ट्रिगरमध्ये तेच एचसीजी असतं, ते शरीरातून पूर्ण जायला १० ते १४ दिवस लागतात. पिकअपच्या, म्हणजे एग्ज काढायच्या, दीड दिवस आधी ट्रिगर, मग पाच दिवसांनी ट्रान्सफर, मग चौथ्या दिवशी टेस्ट, म्हणजे अकरावा दिवस धरा. तुम्हाला दिसलेली रेघ खरी होती, भास नव्हता, ती इंजेक्शनची होती, आणि इंजेक्शन उतरत गेलं तशी ती फिकी होत गेली.

आता ती लाल का असते ते सांगतो कारण ह्या धाग्यात बसतं. तो लाल रंग सोन्याचा आहे, खरंच सोन्याचा. पट्टीत सोन्याचे बहुतेक २० ते ४० नॅनोमीटरचे कण असतात आणि त्यांना एचसीजीला चिकटणारी अँटिबॉडी लावलेली असते. लघवीबरोबर ते कण सरकत जातात, एचसीजी असेल तर टेस्टच्या रेघेवरची दुसरी अँटिबॉडी त्यांना पकडते, कण तिथे साचतात आणि रेघ दिसते. मोठ्या तुकड्यात सोनं पिवळं, पण एवढ्या बारीक कणात त्यातले इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर एका तालात हलतात आणि साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा उजेड गिळून टाकतात, म्हणून उरतो तो लाल दिसतो. मायकल फॅरडेने १८५७ मध्येच असं लाल सोन्याचं पाणी करून दाखवलं होतं आणि त्याच्या बाटल्या लंडनला अजून जपून ठेवल्यात. आमच्या लॅबमध्ये स्ट्रिप बघताना मी दरवेळी नव्या पोरांना हे सांगतो, त्यांना आधी विश्वासच बसत नाही.

दोन गोष्टी पाळा, सांगितलेल्या वेळेतच वाचायची, नंतर वाळल्यावर राखाडी सावली दिसते ती धरायची नाही. आणि ट्रान्सफरनंतर दिलेल्या तारखेला रक्ताचीच बीटा करा, त्यात आकडा येतो आणि दोन दिवसांनी परत करून वाढतो का ते बघता येतं.

---

खामल्याची_लेक:

मध्येच विचारते माफ करा. माझ्या आईला अंडाशयाचा कॅन्सर उशिरा कळला, गेल्या वर्षी गेली ती. पोट फुगतं म्हणून वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. ह्या नॅनो लाइटने ते लवकर कळायचं काही निघालंय का?

---

निवृत्त_फिजिक्स_सर:

बेटा, वाईट वाटलं वाचून. काम सुरू आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॅनियल हेलर यांच्या टीमने कार्बनच्या नॅनोनळ्यांचा सेन्सर केला, ह्या नळ्या अशा उजेडाने चमकतात जो डोळ्याला दिसत नाही पण कातडीतून बाहेर येऊ शकतो. नळीवर एचई४ नावाच्या प्रोटीनची अँटिबॉडी, ते प्रोटीन अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं. प्रोटीन चिकटलं की चमकेचा रंग जरासा सरकतो. २०१८ मध्ये उंदरांच्या पोटात ठेवून त्यांनी ते बाहेरून वाचून दाखवलं. बायकांसाठी तपासणी म्हणून ते अजून आलेलं नाही. पण आईला झाला होता म्हणून तुम्ही मात्र थांबू नका, आजी, मावशी कुणाला ब्रेस्टचा किंवा अंडाशयाचा झाला असेल तर आणखीच, ज्यातल्या बिघाडाने ह्या कॅन्सरचा धोका वाढतो त्या बीआरसीए जीनची तपासणी आज होते, ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

---

संत्रानगरी_३६:

अपडेट. काल धंतोलीला क्लिनिकमध्ये जाऊन आलो. ह्या वेळी वहीत लिहून नेलं होतं. आधी डॉक्टर जरा चमकले, मग नीट बसून बोलले. टाइमलॅप्स ऐच्छिक आहे म्हणाले, आम्ही काढून टाकलं. स्पिंडलचं मशीन लॅबमध्ये आहेच, एग अर्धवट वाटलं तर एम्ब्रियॉलॉजिस्ट बघतील, त्याचे वेगळे पैसे घेणार नाहीत असं फाइलवर लिहून दिलं. मिस्टरांची डीएनए फ्रॅगमेंटेशनची टेस्ट सांगितली, ती पहिल्या वेळी झालीच नव्हती, त्यांनी आज सकाळी सॅम्पल दिलं. बल्बला फिल्टर आहे का हेही विचारलं, तर आतून एम्ब्रियॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि फोनवर लॅबचा फोटो दाखवला, सगळी खोली पिवळी दिसत होती.

पिकअप दिवाळीनंतर. सासूबाईंना त्या रेघेचं भाऊंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, सोन्याचं पण. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या म्हणजे तुला दिसलं ते खोटं नव्हतं.